पाव्हण्याची पाठवणी

आकांक्षाचा फोन आला तेव्हा मी खुशीत होते, हे आधीच सांगून टाकते. खुशीत असले की मी जरा जास्तच बोलते. चोवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे बोलणं अंगात मुरलेलं. त्यात गेली सहा वर्षं वन्यजीव सप्ताह आला की अमरावती-अकोल्याच्या खेड्यांतून मी दुर्मिळ प्राण्यांवर व्याख्यानं देत फिरते. आकांक्षा माझी जुनी विद्यार्थिनी, आता जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका केंद्रात डॉक्टर आहे. यंदाच्या माझ्या बॅनरचा फोटो मी तिला आदल्या संध्याकाळी पाठवला होता. शाबासकी मिळेल म्हणून, दुसरं काय.

बॅनरवरचा फोटो गेल्या वर्षीचा, अकोल्याकडच्या धामणखेडचा. तिथे माझं व्याख्यान ऐकून चार घरांनी पाळलेली चांदणी कासवं आणून दिली होती आणि मुख्याध्यापक उत्तमरावांनी ती वाजतगाजत सोडायचा कार्यक्रम केला होता. फोटोत चेहरा नाही, फक्त दोन हात आणि त्यांच्यात ते पिवळ्या चांदण्यांच्या पाठीचं कासव, चारी पाय ताणून बाहेर काढलेलं. खाली मी स्वतः सुचवलेली ओळ होती, "मी निघालो माझ्या घरी!" वर्तमानपत्रातसुद्धा छापून आला होता तो.

"मॅडम," आकांक्षा म्हणाली, "मागे विहीर दिसतेय."

"हो. विहिरीतच सोडली ना चारही."

ती गप्प बसली. शाळेत असताना ही पोरगी उत्तर चुकलं की अशीच गप्प बसायची. फक्त आता उत्तर तिचं चुकलं नव्हतं.

"मॅडम, हे जमिनीवरचं कासव आहे. माळरानात राहतं, गवत खातं. याला पोहता येत नाही. विहिरीत ते बुडून मरतं."

मी आधी चिडले. माझा स्वभावच तो. म्हटलं, "काहीतरीच काय! आमच्या शेतातल्या विहिरीत कासव होतं. मी लहानपणी त्याला भाकरी टाकायची."

"ते पाण्यातलं असणार, मॅडम. काळपट, चपट्या पाठीचं. ते वेगळं."

वेगळंच होतं. काळं, चपटं, बोटांना पडदे असलेलं. आमच्याकडे नवी विहीर खोदली की पाणी साफ राहावं म्हणून त्यात कासव सोडायची पद्धत आहे, आणि माझ्या डोक्यात कासव म्हटलं की विहीर हे इतकं घट्ट बसलेलं होतं की कधी कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही. सहा वर्षं मी लोकांना सांगत होते की चांदणी कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्याला निसर्गात परत सोडा. निसर्गात म्हणजे नेमकं कुठे, ते मी लोकांवर सोडलं होतं.

आणि मग मला कालची बाई आठवली.

काल शनिवारी परतवाड्यापलीकडच्या सावरखेडीच्या शाळेत माझं व्याख्यान होतं. ते संपल्यावर मागून एक साठीची बाई उठली. पार्वताबाई नाव तिचं. म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी हाय एक. अठरा वर्षं झाले. मंग त्याले विहिरीत सोडलं तं चालते काय?" मी म्हटलं, चालेल की, उत्तम. ती बसली नाही. पुन्हा म्हणाली, "पन खरंच चालते काय?" मला परतीची बस गाठायची होती. मी म्हटलं, "मावशी, कासव पाण्यात नाही राहणार, तर काय झाडावर राहणार?" सगळी शाळा हसली. मीही हसले. मग तिचा नवरा खुशालराव उठून म्हणाला की उद्या रविवारी अकरा वाजता पूजा करून पंचायतीच्या विहिरीत सोडून देतो, गावाच्या डोक्याला ताप नको. मी टाळ्या वाजवल्या. फोटो पाठवा म्हटलं.

घड्याळात आठ वीस झाले होते. शाळेच्या सरांना फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. पार्वताबाईचा नंबर माझ्याकडे नव्हता. टाळ्या वाजवताना नंबर घ्यायचं सुचलं नाही.

"अवं, बस तं खरी दोन मिनिटं," माझा नवरा संघपाल म्हणाला. तो बडनेऱ्याला रेल्वेत आहे. गाड्या उशिरा येताना पाहून पाहून त्याला कशाचीच घाई उरलेली नाही. "इतक्या दूर जाऊन राहिली, चार घास खाऊन जाय. फोन लागंनच कोनाचा तरी."

"तू बाइक काढतोस की मी ऑटो बघू?"

त्याने बाइक काढली. दहाची ड्युटी होती त्याची, त्यामुळे अमरावतीच्या स्टँडपर्यंतच. तेवढ्यात त्याने मला दोनदा विचारलं की पाण्याची बाटली घेतली का. घेतली नव्हती.

परतवाड्याची बस सव्वानऊला सुटायची ती साडेनऊला सुटली. कंडक्टर दारात उभा राहून कुणाशी तरी बोलत होता आणि मी खिडकीतून त्याच्या पाठीकडे बघत होते. वलगाव आलं. वलगावला निम्मी बस उतरली आणि तितकीच चढली. मी सरांना फोन लावत राहिले. आसेगावच्या पुलावरून जाताना पूर्णेला चांगलं पाणी होतं. दर वेळी मी या पुलावर मान वळवून पाणी बघते, बरं वाटतं. आज पाणी बघवेना.

रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या गंजी लागल्या होत्या, मळणीयंत्रांचा धुरळा बसमध्ये येत होता. माझ्या मांडीवर पर्स, पर्समध्ये कालच्या व्याख्यानाचे कागद. ते काढून मी चाळले. कासवावर एकच परिच्छेद होता, सहा वर्षांपूर्वी कुठल्याशा पुस्तिकेतून उतरवलेला. बंदी कायद्याने आहे, चोरटा व्यापार होतो, संख्या घटते आहे, लोक शुभ म्हणून पाळतात. शेवटची ओळ माझी स्वतःची होती, "चला, त्यांना त्यांचं पाणी परत देऊ या." या ओळीला हमखास टाळ्या पडत. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की कागद चुरगळून पर्समध्ये कोंबले.

परतवाड्याला उतरले तेव्हा पावणेअकरा झाले होते. सावरखेडीला जाणारी काळीपिवळी जीप उभी होती, आत तीनच माणसं. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. पस्तिशीचा, गळ्यात रुमाल. कुलदीप त्याचं नाव, ते नंतर कळलं.

"निघायचं का?"

"भरली का निघतो."

"किती माणसं लागतात?"

"दहा तं पाहिजेनच, मॅडम."

"दहाचं भाडं मी देते. चल."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "कोनी बिमार हाय काय?"

बिमार म्हणावं, की मेलं म्हणावं, की काय म्हणावं? मी म्हटलं, "एक कासव आहे." टपरीवरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी तिथेच, भर चौकात, माझ्या व्याख्यानाच्या आवाजात सगळं सांगितलं. मीच चूक सांगितलं, अकरा वाजता ते विहिरीत टाकणार आहेत, ते बुडतं. कुलदीपने चहाचा ग्लास तसाच ठेवला.

"बसा," तो म्हणाला.

संत्र्याच्या बागांमधून जाणारा तो रस्ता बारा किलोमीटरचा आहे आणि त्यात निदान शंभर खड्डे आहेत. कुलदीपने एकही चुकवला नाही. मागच्या सीटवरचा म्हातारा म्हणाला, "पोरा, एका कासवापायी आमाले मारतं का बे?" मी मागे वळून त्याची माफी मागितली आणि कुलदीपला म्हटलं, आणखी जोरात घे.

सावरखेडीत शिरलो तेव्हा अकरा वीस झाले होते. पंचायतीची विहीर गावाच्या तोंडाशीच आहे. कठड्याला आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या, हळदकुंकू वाहिलेलं, उदबत्त्या अजून जळत होत्या. बायका आरतीची ताटं घेऊन घराकडे निघाल्या होत्या. खुशालराव मला बघून हसतच पुढे आला. कडक इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी.

"या, या मॅडम! थोडक्यात चुकला तुमचा कार्यक्रम. आत्ताच सोडलं."

"सोडलं?"

"हाव. मस्त लाल कपड्यात गुंडाळून, पूजा करून. बुडुक करून खाली गेलं पाहा, वरतं आलंच नाई. आपल्या घरी पोचलं म्हना."

मी कठड्याला धरून खाली बघितलं. पाऊस चांगला झालेला, पाणी दोन पुरुष खाली, हिरवं, आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या. दुसरं काही नव्हतं.

"काढा त्याला!" मी ओरडले. "दोर आणा कुणीतरी! ते बुडतं! त्याला पोहता येत नाही!"

कुणी हललं नाही. खुशालरावचं हसू गेलं. "काल तं तुमीच म्हनलं, मॅडम. पन्नास मानसाइत म्हनलं. आता आज काहून बदलून राहिल्या?"

"चुकले मी! मला माहीत नव्हतं. माहीत नसताना बोलले. सहा वर्षं बोलते आहे. आता तरी उतरा कुणीतरी!"

हे मी इतक्या लोकांसमोर म्हणाले, आणि म्हणताना माझा आवाज फाटला. चोवीस वर्षांत वर्गात कधी फाटला नव्हता. मागून कुणीतरी मला बाजूला सारलं. कुलदीप. त्याने रुमाल आणि शर्ट काढून कठड्यावर टाकला आणि विहिरीच्या दगडी पायऱ्या उतरून सरळ पाण्यात सूर मारला.

पहिल्या वेळी तो रिकाम्या हाताने वर आला. दुसऱ्या वेळीही. म्हणाला, खाली गाळ लय हाय. मी मनातल्या मनात मिनिटं मोजत होते. आकांक्षाला विचारायला हवं होतं की किती वेळ तग धरतं. तिसऱ्या वेळी तो इतका वेळ खाली राहिला की बायका परत विहिरीकडे आल्या. मग पाकळ्या हलल्या आणि त्याचं डोकं वर आलं. हातात लाल गाठोडं.

पायऱ्या चढून त्याने ते माझ्यासमोर ठेवलं. कापडाला घट्ट गाठ होती, ओल्याने आणखी आवळलेली. माझ्या बोटांना ती सुटेना. खुशालरावने खाली वाकून दातांनी सोडवली.

आत वरवंटा निघाला. भोवती जुन्या लुगड्याच्या चिंध्या, गोल दिसावा म्हणून नीट गुंडाळलेल्या.

"अवं," खुशालराव म्हणाला, "हा तं आपला वरवंटा हाय!"

कुणीतरी हसलं, पण कालच्यासारखं नाही. सगळे पार्वताबाईकडे बघत होते. ती ताट हातात धरून बायकांच्या मागे उभी होती. ताटातली वात अजून जळत होती.

"झाकून सोडू म्हनलं म्या," ती नवऱ्याला म्हणाली. "जाताना तोंड पाहवत नाई म्हनलं. तुमी बी नाई पाह्यलं."

"पन काहून? लोकाइसमोर इज्जतीचा फालुदा केला माह्या!"

तिने ताट कठड्यावर ठेवलं आणि माझ्याकडे वळली. "मॅडम, ह्या कासवाले आमी पाव्हना म्हनतो. आमच्या घरी आला त्याच साली थो ढोराइच्या पान्याच्या टाक्यात पडला होता. उलटा. गेलाच होता थो. म्या उन्हात ठेवला, पाठीवर हात फिरवत बसली, तवा दोन घंट्यानं त्यानं मुंडकं काढलं. तवापासून अंगनात पानी सांडलं तरी थो पळते. मले ठाऊक होतं त्याले पानी चालत नाई."

"मग काल बोलल्या का नाहीत?"

"बोलली ना. दोनदा इचारलं तुमाले. मले वाटलं तुमी नाई म्हनान, म्हंजे यायले, माह्या मालकाले, समजंन. यायले तं जेलाची भीती बसली होती, कालपासून घरात ठेवूच देत नव्हते. तुमी म्हनल्या, झाडावर राहते काय. सारे हसले. मंग काय बोलू?"

मी तिचा हात धरला आणि रडले, सगळ्यांसमोर.

पाव्हणा गोठ्यात होता, कडब्याच्या आडोशाला, पालथ्या टोपल्याखाली. तिने टोपलं उचललं तेव्हा तो आंबाडीचा देठ चावत होता. आम्हाला बघून त्याने मान आत घेतली आणि तिने बोटाने पाठीवर टकटक केल्यावर पुन्हा काढली. अठरा वर्षांची ओळख. मी तिथूनच आकांक्षाला फोन लावला. ती म्हणाली, कोरड्या जागी ठेवा, मी वनखात्याच्या लोकांना घेऊन येते. स्वतःहून दिलं म्हणून गुन्हा नको, असं त्यांच्याशी बोलते. तपासणी करून त्याला त्याच्या माळरानात नेऊ. मी ते पार्वताबाईला सांगितलं. तिने मान हलवली, पण टोपल्यावरचा हात काढला नाही.

"न्या म्हना. मले समजते, इथी एकटाच हाय थो. त्याच्या जातीचं कोनी त्यानं पाह्यलंच नाई. पन पाठवनी नीट करजा, मॅडम. कोनाले न इचारता नोका करू."

मग तिने विचारलं, "तो बॅनरवाला फोटो दाखवा बरं. काल दुरून नीट दिसला नाई."

मी फोनवर काढून दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, मग दूर नेला. फोटो मोठा करून दाखवायला सांगितलं. मी केला. ते ताणलेले चार पाय सगळ्या पडद्यावर आले.

"तुमी इथी काय लिव्हलं हाय?"

"मी निघालो माझ्या घरी."

"निघून नाई राहिला थो," ती म्हणाली. "पाय पाहा. नखं पाहा. बोटं धरून राहिला त्या मानसाचे. टाक्यातून काढला तवा पाव्हन्यानं माहे असेच धरले होते."

हा फोटो मी किमान हजार वेळा बघितला असेल. बॅनरवर, पेपरात, माझ्या स्टेटसवर, दिवाणखान्यात लावलेल्या चौकटीत. पाण्याच्या ओढीने पाय बाहेर काढलेत असं मी मुलांना सांगायची. आता मला फोटोत तीन बोटं दिसली, आणि प्रत्येकात रुतलेलं एक एक नख.

मी गोठ्याबाहेर येऊन धामणखेडला उत्तमरावांना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"अरे वा, मॅडम! तुमचीच आठवन काढून राहिलो होतो. यंदा अजून तीन जमले. संध्याकाळी पाचचा कार्यक्रम ठेवला, बँडवाल्यालेही सांगून ठेवलं."

"सोडू नका!" मी म्हटलं. "सर, एकही सोडू नका. कोरड्यात ठेवा, मी येतेय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. आकांक्षा काय म्हणाली ते, वरवंट्याचं, पार्वताबाईचं, फोटोचं. या वेळी मी हळू बोलले, एकही वाक्य सजवलं नाही.

"सर, कळलं ना?"

"हाव," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "मॅडम, त्या फोटोतले हात माहे हायेत. चिपकून बसला होता थो. मले वाटलं, इतके वर्षं राह्यला, घर सोडवत नसंन बिचाऱ्याले. म्याच एकेक नख सोडवलं."

कुलदीप जीपला टेकून ओला शर्ट पिळत होता. मी त्याला हात केला.

"अकोल्याकडे येशील का? पाचच्या आत पोचायचं आहे."

त्याने किती माणसं आहेत ते विचारलं नाही. मागून पार्वताबाई आली, डोक्यावर पदर घेत. पाव्हण्याजवळ खुशालरावला बसवून आली होती. न विचारता पुढच्या सीटवर बसली.